पन्नास ग्रॅम मागताना

१९ जानेवारी, रविवार

शेंगाची चटणी एकदाची संपली. पाव किलो, डिसेंबरच्या सुरुवातीला घेतलेली. शेवटचे आठ दिवस खवट लागत होती, तरी टाकली नाही. आमच्यात अन्न टाकत नाहीत, मेंढरांना घालतात. इथं सोलापुरात, कण्णा चौकात मेंढरं कुठून आणू. मीच खाल्ली.

पाव किलो का घेतली, तर ‘पन्नास ग्रॅम’ म्हणायला तोंड उघडेना म्हणून. पुढची बाई दीड किलो घेत होती, मागचा माणूस एक किलो. मधे मी. तोंडातून आपोआप ‘पाव’ निघालं.

एकटं माणूस. फ्रिज नाही. लॅबमधून आल्यावर एक भाकरी, त्यावर चमचाभर चटणी. पन्नास ग्रॅम पुरे. यात लाजण्यासारखं काही नाही. मंगळवारी जाऊन सांगायचं.

२१ जानेवारी, मंगळवार

चटणीच्या दुकानात गेले. काउंटरपाशी उभी राहिले. काट्यावर अण्णा, गल्ल्यावर अक्का. दोघं नवराबायको, आपसांत कानडी बोलतात. अण्णांनी विचारलं, काय पाहिजे.

मी म्हणाले, प्यायला पाणी मिळेल का.

पाणी पिऊन घरी आले. भाकरी दुधात.

२३ जानेवारी, गुरुवार

झालं. मागितलं.

आज लॅबमधून थेट गेले, विचार करायला वेळच ठेवला नाही. पांढरा कोट हातावर, कार्ड गळ्यात तसंच. एका दमात म्हणाले, “पन्नास ग्रॅम शेंगाची, पन्नास ग्रॅम कारळ्याची.” ‘फक्त’ म्हणायचं नाही हे रस्त्यात ठरवलं होतं. ‘फक्त’ म्हटलं की आपणच आपल्याला कमी करतो.

अण्णांनी कार्डाकडे पाहिलं. मग अक्कांकडे. अक्का कानडीत काहीतरी पुटपुटल्या. वाटलं, आता हसणार. हसले नाहीत. गुपचूप काटा लावला. मी सांगितलं, पुड्या वेगळ्या बांधा, एकीत एक मिसळू नका. आणि कधी केलेली ते विचारून पुडीवर तारीख टाकली. हातालाच सवय झालीय, लॅबमध्ये मातीची पिशवी तारीख न टाकता ठेवली तर साहेब बोलतात.

अक्का म्हणाल्या, “बसा मॅडम. चहा सांगते.”

मॅडम. सोलापुरात मला पहिल्यांदाच कोणी म्हटलं.

२४ जाने., शुक्र.

आईचा फोन. ती रानात होती, मागून मेंढरांचा आवाज. सगळं सांगितलं. तिला पन्नास ग्रॅमचं एवढं काय ते कळेना. वाडीच्या दुकानात वजन सांगतच नाहीत.

“धा रुपयाचं दे म्हनायचं की. वजन कशाला सांगत बसतीस?”

इथं तसं चालत नाही म्हटलं. मग ती, “मॅडम म्हनली तुला? कोन म्हनली?” तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा दादांना ऐकू जावं म्हणून विचारलं असणार, आवाज मोठा होता. आमच्या घरात शाळेच्या दारातून आत गेलेली मी पहिली. आईला माझ्या निकालापेक्षा या ‘मॅडम’चा जास्त आनंद झाला.

२ फेब्रुवारी, रविवार

अक्कांच्या दुकानात बरण्यांना काचेची नवी झाकणं. छान दिसतात. मी म्हटलं, झाकणं चांगली केलीत. अण्णांचा चेहरा असा खुलला की मलाच कसंतरी झालं.

चव देण्याची पद्धत आज नीट पाहिली. तळहातावर चिमूटभर ठेवतात. ती काउंटरसमोर चाटायची नाही, जरा बाजूला वळायचं. चव घेतली की ती वस्तू घ्यायलाच पाहिजे का, हे कुणाला विचारावं कळेना. मी घेते. नाही म्हणायचं धाडस नाही. म्हणून आज चार पुड्या: शें., का., जवस, लसूण. चारही पन्नास-पन्नास. चौघींवर तारीख.

पन्नास घ्यायचं असेल तर सहा वाजता जाऊ नये. गर्दी असते, लहान वजनाला सगळ्यांचा वेळ जातो. पावणेसहाला बरं. चार-पाचच्या सुमाराला तर दुकान रिकामं असतं, गेल्या रविवारी पाहिलं.

१२ फेब्रु., बुध.

साहेब आज एका शेतकऱ्याला समजावत होते. मोहोळकडचा, पाच एकर डाळिंब. त्याला पटत नव्हतं, एवढ्याशा पिशवीतल्या मातीवरून अख्ख्या रानाचं कसं कळणार. साहेब म्हणाले, नीट घेतलेली असेल तर एवढी पुरे.

दिवसभर तेच डोक्यात. नीट मागितलेलं असेल तर एवढं पुरे.

दुकानात आता प्रत्येक बरणीला स्वतंत्र चमचा. अण्णांच्या डोक्यावर टोपी, हातात मोजे. मला सोलापूर आवडायला लागलंय. लोक किती स्वच्छ.

२७ फेब्रु., गुरु.

अक्कांनी आज मुद्दाम हाक मारून चव दिली. लसणाची, तेल बदललंय म्हणाल्या. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, दोघंही. मी म्हटलं, मीठ किंचित जास्त. खरं तेच सांगितलं.

अण्णांनी तिथंच पाटीवर खडूने ‘लसूण – मीठ’ लिहून ठेवलं.

घरी येताना चालत नव्हते, उडत होते. या एवढ्या मोठ्या गावात माझ्या सांगण्यावरून एका चटणीतलं मीठ कमी होणार.

११ मार्च, मंगळवार

आज वाईट झालं.

माझ्यापुढे एक आजोबा होते. पांढरी टोपी, हातात धुतलेली छोटी बाटली. पूर्वी चादरीच्या कारखान्यात होते, अक्का ओळखतात त्यांना. त्यांनी पन्नास ग्रॅम लिंबाचं लोणचं मागितलं.

अण्णा म्हणाले, “शंभरच्या खाली काटा लागत नाही, आजोबा. किती वेळा सांगायचं.”

“एकटाच आहे की रे मी. शंभर कुठं संपतंय. बुरशी येते.”

“मग दोन दिवस जास्त खावा.”

मागचे हसले. आजोबांनी बाटलीचं झाकण लावलं आणि गेले. आणि अण्णा माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात, “मॅडम, तुमचं नेहमीसारखं? पन्नास-पन्नास?”

मी हो म्हणाले. हो म्हणाले आणि घेऊन आले. पुडी अजून उघडली नाही.

मला का देतात?

१२ मार्च, बुध.

कळलं.

घरमालकीण नरसम्मा मावशी सकाळी जिन्यातच उभी. कमरेवर हात.

“काय गं पूजा, तू इन्स्पेक्टर आहेस म्हणं? माझ्याच घरात राहते आणि मलाच पत्ता नाही.”

ती काल अक्कांच्या दुकानात गेली होती. तिथं तिला विचारलं, तुमच्याकडे राहणाऱ्या तपासणीच्या मॅडम कशा आहेत, कडक आहेत का. मावशीला काही ठाऊक नाही, पण ती म्हणाली, “हो, कडक आहे, पाणी सांडलेलं चालत नाही तिला.”

गळ्यात कार्ड. हातावर कोट. प्रत्येकातलं पन्नास ग्रॅम. वेगळी पुडी. तारीख. कधी केलं म्हणून विचारणं. मीठ जास्त म्हणणं. अरे देवा. झाकणं, टोपी, चमचे, मोजे. सगळं.

‘१०० ग्रॅमच्या खाली मिळणार नाही’ अशी पाटीसुद्धा होती म्हणे, मावशीने सांगितलं. गर्दीत माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. मी पहिल्यांदा पुड्या नेल्या त्या दिवशी अण्णांनी ती उतरवली. लोकांना मात्र नियम तोच.

आणि मी चहा पीत होते. निदान पाच वेळा.

१६ मार्च, रविवार

तीन दिवस दुकानाच्या रस्त्याने गेले नाही. दुसऱ्या दोन दुकानांत जाऊन आले, कार्ड पिशवीत ठेवून. एकाने शंभरचं पाकीट पुढे सरकवलं. दुसऱ्याने मान वर न करता “पाव, अर्धा, किलो” एवढंच म्हटलं. म्हणजे साध्या पूजाला पन्नास ग्रॅम कुठंच नाही.

सांगितलं तर इथलंही जाणार. चव जाणार, खुर्ची जाणार, मॅडम जाणार. आईला काय सांगू? ती वाडीभर सांगून बसलीय.

नाही सांगितलं तर आजोबा रिकामी बाटली घेऊन जात राहणार, आणि मी त्यांच्यामागे उभी राहून हो म्हणणार.

मी खोटं बोललेच नव्हते, हे खरं. पण आता कळल्यावर गप्प राहिले तर ते बोलणंच झालं.

१८ मार्च, मंगळ.

आईला सांगितलं. भीत भीत. ती आधी खूप हसली, मग दादांना सांगून परत हसली. मॅडम गेल्याचं तिला काहीच नाही.

“सांगून टाक. न्हायतर खाऊ नगंस ती चटनी. अंगाला लागनार न्हाय.”

सांगायचं कसं? समोर उभी राहिले की पुन्हा पाणी मागेन. लिहून द्यावं. लिहिलेलं मागे घेता येत नाही.

१९ मार्च, बुध.

अर्ज तयार. चार कागद फाडले. नक्कल इथे ठेवते:

मा. अण्णा व मा. अक्का यांस,
विषय: मी तपासणी अधिकारी नसल्याबाबत.
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविते की, मी कु. पूजा, माती व पाणी तपासणी प्रयोगशाळेत सहायक असून चटणीशी माझा संबंध फक्त खाण्यापुरता आहे. पन्नास ग्रॅम मी नमुना म्हणून नव्हे, तर एकटी राहत असल्याने घेत होते. पुडीवर तारीख टाकणे ही कामाची सवय आहे. गैरसमजातून आपल्याकडील सुमारे पाच कप चहा माझ्याकडून घेतला गेला, त्याबद्दल दिलगीर आहे. लसणाच्या चटणीतील मिठाबाबतचे मत वैयक्तिक समजावे. तसेच जो नियम लिंबाचे लोणचे मागणाऱ्या आजोबांना लागू आहे, तोच मला लावावा, किंवा जी सवलत मला मिळाली ती त्यांना मिळावी, ही विनंती.
आपली विश्वासू

‘फक्त’ आलाच एकदा. असू दे, तिथं शोभतो.

२० मार्च, गुरुवार

दिला. पावणेसहाला गेले, तरी आज पाच-सहाजण होतेच.

मला वाटलं होतं की अक्का घेतील आणि नंतर सावकाश वाचतील. अक्कांची शाळा कानडी, मराठी अक्षर त्यांना सावकाश लागतं. त्यांनी तो अण्णांना दिला. अण्णा घाबरले. नोटीस आली असं वाटलं त्यांना. मोजे काढले, चष्मा लावला, आणि मोठ्याने वाचायला लागले. सगळ्यांसमोर. विषयापासून.

‘खाण्यापुरता आहे’ इथे त्यांचा आवाज हळू झाला. पाच कप चहापाशी मागची एक बाई खोकल्यासारखं हसली.

अण्णा म्हणाले, “मग ते कार्ड?”

“मातीचं.”

“मातीचं?” अक्का म्हणाल्या. आणि त्यांना हसू आलं. आधी पदराआड, मग गल्ल्यावर डोकं ठेवून. कानडीत अण्णांना काहीतरी म्हणत होत्या आणि हसत होत्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी एकेका बरणीकडे बोट दाखवलं. “झाकणं. चमचे. ही टोपी, उन्हात डोकं उकडतंय माझं. तेलाचा व्यापारी बदलला मी हिच्यासाठी.”

खोकणारी बाई म्हणाली, “बरं झालं की बदलला. आधी घसा धरायचा. म्हणून तर मी परत यायला लागले.”

आणखी दोघांनी मान डोलावली. अण्णांनी टोपी काढली, बघितली, परत घातली.

अक्का डोळे पुसून म्हणाल्या, “एकटी राहते म्हणून सांगायचं की गं आधी. कागद कशाला?”

सांगायचं की गं. मॅडम गेली. मला वाटलं होतं तितकं दुखलं नाही. खरं सांगायचं तर दुखलंच नाही.

पण पन्नास ग्रॅमचं काही ठरलं नाही. अण्णा म्हणाले रविवारी ये, गर्दी नसताना. अर्ज त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

आज काही न घेता आले. भाकरी मिठाशी. झकास लागली.

२३ मार्च, रविवार

चार वाजता गेले. कार्ड खोलीवर. पहिल्यांदाच अण्णांशी नीट बोलले. तेही पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलले, म्हणजे चढ्या आवाजात.

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पन्नास ग्रॅमच्या पुडीला कागद तोच, दोरा तोच, वेळ तोच. सहा वाजता बारा माणसं उभी असतात. पूर्वी काहीजण पन्नास घ्यायचे आणि पाच बरण्यांची चव मागायचे. नियम त्यांनी चिडून केलेला नाही, दमून केलाय. हे मला काउंटरच्या अलीकडून कधी दिसलं नव्हतं.

मी वही काढली. माझ्या वहीत सगळं असतं. रविवारी चार ते पाच कधीही दोनाच्या वर माणूस नव्हता. मग त्या वेळेला द्या ना. आणि पन्नासला चव नाही, घ्यायचं ते ठरवून यायचं.

अण्णा वही उलटून पाहत म्हणाले, “इन्स्पेक्टर नाही म्हणते आणि माझ्या दुकानात माणसं मोजते.”

अक्का म्हणाल्या, बुधवारी त्याहून रिकामं असतं, बुधवारी करून बघू. बुधवारी चार ते पाच, शंभरच्या आतलंही मिळेल. पाटी कोण लिहिणार, तर मी. माझं अक्षर चांगलं आहे म्हणे, अर्जात पाहिलं त्यांनी. लिहिली. आनंदात लिहिली, ‘बुधवार’ला जरा वळणही दिलं.

कोपऱ्यावर आल्यावर लक्षात आलं. बुधवारी चार ते पाच मी लॅबमध्ये असते. साडेपाचला सुटते.

परत जाऊन सांगावंसं वाटलं. नाही गेले. पाटीचा रंग ओला होता.

२७ मार्च, गुरुवार

लॅबमधून येताना अक्कांनी दारातून हाक मारली. काल आजोबा आले होते. मावशीने जाऊन त्यांना सांगितलं होतं, ती त्यांची गल्ली ओळखते. पन्नास ग्रॅम लोणचं घेतलं. मग बसले. अर्धा तास. बाटली उन्हाकडे धरून फोड बघत होते. आणखी तिघी आल्या, एकटं राहणाऱ्या. अक्का म्हणाल्या, या वस्तीत एवढी एकटी माणसं आहेत हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

अण्णा काटा पुसत म्हणाले, तास पुरला नाही.

मी एवढी खूश की स्वतःचं मागायचं विसरले. आठवलं ते भाकरी ताटात घेतल्यावर.

१ एप्रिल, मंगळवार

ऊन आता भाजतंय. या हवेत शंभर ग्रॅम तर नकोच.

पण किती दिवस कोरडी भाकरी? आज ठरवून गेले. कार्ड पिशवीत, कोट पिशवीत. सहा वाजलेले, गर्दी पूर्ण. नंबर आला. म्हणाले, “पन्नास ग्रॅम शेंगाची.” आवाज बारीक निघाला, पण निघाला.

अण्णांनी पाटीकडे बोट केलं. माझ्याच अक्षराकडे.

“बुधवारी मी लॅबमध्ये असते, अण्णा.”

“मग? नियम तूच केलास.”

मागचे बघायला लागले. शंभर म्हणावं आणि सुटावं असं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात अक्का गल्ल्यावरून उठल्या. शंभर ग्रॅम शेंगाची काट्यावर टाकली आणि रांगेकडे बघून भाजी विकावी तशा आवाजात विचारलं, “शंभरातली निम्मी ही घेते. उरलेली निम्मी कोण घेतंय?”

मी जमिनीकडे बघत होते.

मग मागून, “मी घेते.” वळून पाहिलं तर खाकीतली एक पोलीस ताई. ड्युटी संपवून आलेली, टोपी बगलेत. रांगेतून पुढे आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “तीन वर्षं पाव किलो घेऊन टाकून देतीय. वर्दीत पन्नास ग्रॅम मागायला कसंतरी वाटतं की.”

मला इतकं हसू आलं, आणि तिला का ते कळेना, तरी तीपण हसली. अण्णा कुरकुरत दोन पुड्या बांधत होते, दोनदा दोरा, दोनदा कागद. “हे रोज चालणार नाही,” म्हणाले. रांगेतल्या एका काकांनी लगेच विचारलं, जवसाची निम्मी कोण घेतं का.

अण्णांनी काकांकडे पाहिलं, मग अक्कांकडे. अक्का नोटा लावत होत्या, वर बघितलंच नाही.

ताई चौकापर्यंत बरोबर आली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

उद्या कारळ्याची खावीशी वाटतेय. सहाला जाऊन उभी राहीन. बघू, निम्म्याला कोण सापडतं.